‘काय अर्थ आहे?’ या प्रश्नाचं करायचं काय

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू म्हणतेस, मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सायन्स बऱ्याच गोष्टींची उत्तरं देतंय आणि उरलेल्यांचीही देईल, मग फिलॉसॉफी म्हणजे नुसता शब्दांचा खेळ नाही का? आणि मग शेवटी दोन ओळीत लिहिलंयस की गेल्या वर्षी आजी गेली, तेव्हापासून ‘या सगळ्याला अर्थ काय’ हे डोक्यातून जात नाहीये. मला वाटतं खरा प्रश्न तो दुसरा आहे, पहिला त्याच्यापर्यंत यायला लागलेला रस्ता आहे. पण दोन्हीचं उत्तर देतो, कारण ते एकमेकांत अडकलेत.

मी एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतोय. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, की तत्त्वज्ञान तुम्हाला उत्तरं पुरवतं म्हणून कामाचं नसतं, ते आधी हे विचारायला लावतं की बाबा तू जे विचारतोयस तो प्रश्न आहे कुठल्या जातीचा? त्याला मोजून उत्तर मिळेल का, की शब्दाचा घोळ निस्तरावा लागेल, की तिथे काहीतरी ठरवावंच लागणार आहे आणि ते ठरवायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही? एका जातीच्या प्रश्नाला दुसऱ्या जातीचं उत्तर शोधत बसलं की माणूस वर्षानुवर्षं दमतो, हे मी खूप जवळून बघितलंय.

सायन्सपासूनच सुरू करू, आणि तुझ्याच विषयातलं उदाहरण घेतो. सेमेलवाइस तुला माहीतच असेल, व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलातला डॉक्टर. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण ११.४ टक्के आणि दुसऱ्यात २.७ टक्के. हॉस्पिटल तेच, हवा तीच, जेवण तेच. गर्दी म्हणावी तर दुसऱ्या विभागात जास्त. त्याने काय काय तपासलं बघ: पाद्री घंटेच्या आवाजात पहिल्या विभागातून जातो त्या भीतीने मरत असतील का, म्हणून पाद्र्याचा रस्ता बदलला. दुसरीकडे बायकांना कुशीवर झोपवून बाळंतपण करतात, म्हणून इकडेही तसं केलं. फरक शून्य. मग १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदन चालू असताना चाकू लागून गेला, आणि त्याच्या आजाराची लक्षणं हुबेहूब बाळंतिणींसारखी. तेव्हा सेमेलवाइसच्या लक्षात आलं की पहिल्या विभागात जे विद्यार्थी येतात ते थेट प्रेतं हाताळून येतात, दुसऱ्यात सुईणी असतात, त्या शवविच्छेदन करत नाहीत. त्याने सगळ्यांना क्लोरीनवाल्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि १८४८ साली पहिल्या विभागातलं प्रमाण १.२७ टक्क्यांवर आलं, दुसऱ्याच्याही किंचित खाली.

आता इथपर्यंत सगळे सांगतात. मी वर्गात इथे थांबतो आणि विचारतो, मग सिद्ध झालं का की प्रेताचा अंश हेच कारण? पोरं एका सुरात हो म्हणतात. मग मी फळ्यावर लिहितो: पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला. लगेच कुणीतरी म्हणतं, सर सडा घातला असेल की! बरोबर. सेमेलवाइसच्या युक्तिवादाची घडणही नेमकी हीच आहे: प्रेताचा अंश हे कारण असेल तर हात धुतल्यावर मृत्यू कमी होतील, कमी झाले, म्हणून तेच कारण. आणि ते पूर्ण बरोबर नव्हतंच! पुढे एकदा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हात नीट निर्जंतुक करून आधी एका बाईला तपासलं, तिला गर्भाशयाच्या तोंडाशी पू झालेला कॅन्सर होता, आणि मग नुसते नेहमीसारखे हात धुवून त्याच खोलीतल्या आणखी बारा जणींना तपासलं. त्या बारातल्या अकरा गेल्या. तिथे प्रेत नव्हतं. म्हणजे जिवंत माणसाच्या सडलेल्या जखमेतूनही ते जातं, हे त्याला आपल्या म्हणण्यात घालावं लागलं. अंदाज खरा ठरला म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही, हे इतकं साधं वाक्य आहे, पण रिसर्च पेपर वाचताना भले भले विसरतात.

आता गंमत बघ, हाच मुद्दा आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, चुलीवरून सांगितलाय. जिथे धूर तिथे अग्नी हे चालतं. पण जिथे अग्नी तिथे धूर हे चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग आपल्याला चुलीत नेहमी दोन्ही एकत्र का दिसतात? कारण सरपण ओलं असतं. हे जे ओलं सरपण आहे ना, त्याला ते ‘उपाधी’ म्हणतात: दोन गोष्टींचं नातं वाटतं पण खरं नातं मधल्या तिसऱ्याच गोष्टीमुळे असतं. तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात कन्फाउंडर म्हणतात त्याचा हा थोरला भाऊबंद समज. चौदाव्या शतकात गंगेश नावाच्या नैयायिकाने तर व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ असं कधी न चुकणारं नातं, म्हणजे नेमकं काय, यावर एक एक लक्षण घेऊन ते कुठे फसतं ते दाखवत इतकं बारीक काम केलंय की वाचताना डोकं गरगरतं. आणि या सगळ्यांना कामाला लावलं कुणी, तर प्रत्यक्ष दिसेल तेच मानणाऱ्या चार्वाकांनी, ते म्हणाले तुम्ही जगातले सगळे धूर बघितलेत का? नाही ना? मग ‘सगळीकडे’ हा शब्द कुठून आणलात? हीच अडचण युरोपात १७३९ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने पुन्हा मांडली, तेव्हा तो तिशीच्या आतला होता.

म्हणून ‘सायन्स असताना फिलॉसॉफी कशाला’ असं कुणी म्हटलं की मला वाटतं, अरे पुरावा कशाला म्हणायचं, कारण कशाला म्हणायचं, चाचणी कधी झाली म्हणायची, हे प्रश्न तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाहीत, पण मायक्रोस्कोपमध्ये दिसलेल्याचं काय करायचं ते यांच्यावर ठरतं. वैज्ञानिक हे रोज करतात, फक्त त्याला नाव देत नाहीत.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला फार आवडतं. २००८ साली जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकरांसह काही जणांनी पुण्यातून फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या जन्माच्या वेळा घेतल्या, १०० शाळेत हुशार असलेली, १०० मतिमंद मुलांच्या शाळांतली. कुंडल्या मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० पाठवल्या, सांगा यातली कुठली मुलं कुठल्या गटातली. २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली, बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. मला यातला आकडा तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की ‘काय झालं तर आपण चुकलो असं म्हणायचं’ हे आधी ठरलं होतं. कार्ल पॉपर हा विज्ञानाचा तत्त्वज्ञ आयुष्यभर हेच सांगत राहिला की जे विधान कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही ते जगाबद्दल काहीच सांगत नाही. साडेसातीत नोकरी गेली तर शनी, टिकली तर शनीची कृपा, असं असेल तर शनीने सांगितलं काय? (पॉपरच्या म्हणण्यालाही अडचणी आहेत, वैज्ञानिकसुद्धा पहिल्या फटक्यात सिद्धांत टाकून देत नाहीत आणि ते योग्यच असतं, पण तो वेगळा विषय झाला.)

आता आयुष्याकडे येऊ. ह्यूमनेच आणखी एक गोष्ट दाखवून दिली, की लोक ‘आहे, आहे’ म्हणता म्हणता मध्येच ‘पाहिजे’ वर उडी मारतात आणि ती उडी कशाच्या जोरावर मारली ते सांगत नाहीत. हे नुसतं वाचलं तर कोरडं वाटतं, म्हणून मी वर्गात अरुणा शानभाग यांची केस घेतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, मेंदूला कायमची इजा झाली आणि मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने जाईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, त्या तिथेच होत्या. त्यांचं जबरदस्तीने भरवणं थांबवावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. कोर्टाने तीन डॉक्टर नेमले, त्यांनी तपासून रिपोर्ट दिला. केईएमच्या नर्सेस म्हणाल्या, आम्ही त्यांना सांभाळतोय, आम्हाला त्या हव्या आहेत. इतक्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईला बेडसोर होऊ दिले नाहीत त्यांनी.

नीट बघ इथे. मेडिकल माहिती दोन्ही बाजूंना एकच होती. तरी एकीला वाटलं हे थांबलं पाहिजे आणि दुसऱ्यांना वाटलं थांबता कामा नये. रिपोर्टची आणखी दहा पानं जोडली असती तरी हा वाद मिटला नसता, कारण प्रश्न होता की जगणं कशाला म्हणायचं, आणि जिला बोलता येत नाही तिच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा. ७ मार्च २०११ ला कोर्टाने अर्ज फेटाळला, आणि तो हक्क विराणींचा नाही, तर इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा असं मानलं, पण त्याच निकालात हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. या निकालांमध्ये पानंच्या पानं तत्त्वज्ञान आहे. ज्यांना ते शब्दांचे खेळ वाटतात त्यांनी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर एक रात्र काढलेली नसते.

मी काढली आहे. आई मिरजेच्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर होती, नऊ दिवस. डॉक्टर फार चांगले होते, रोज संध्याकाळी बसवून सगळे आकडे समजावून सांगायचे. आणि आम्ही तिघं भावंडं रोज रात्री कॅन्टीनमध्ये भांडायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी मला एकदम दिसलं की आम्ही एकाच प्रश्नावर भांडत नाहीच आहोत. दादा विचारत होता, ती बरी होईल का. ताई विचारत होती, तिला आत्ता त्रास होतोय का. आणि मी विचारत होतो की तिला स्वतःला हे चाललं असतं का. पहिले दोन प्रश्न डॉक्टरांचे होते, ते आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना सरळ विचारले आणि त्यांनी सरळ उत्तरं दिली. तिसरा आमचा होता. तो सोपा झाला नाही. पण भांडण थांबलं, आम्ही आईबद्दल बोलायला लागलो, ती कशी होती, वडील आजारी असताना ती काय म्हणाली होती, आणि त्यातून ठरलं. तत्त्वज्ञानाने माझं दुःख कमी केलं असं मी म्हणणार नाही, तीन गुंते वेगळे करून दिले एवढंच, पण त्या आठवड्यात मला त्याहून मोठी मदत दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

आता तुझी आजी.

तू लिहिलंयस, ‘आजीने आयुष्यभर राबून काय मिळवलं, शेवटी सगळं संपणारच तर अर्थ काय’. आधी ‘अर्थ’ हा शब्द धरू, कारण मराठीत तो फार लबाड आहे. शब्दाचा अर्थ असतो, तो कळतो किंवा कळत नाही. अर्थ म्हणजे पैसा, अर्थशास्त्रातला. अर्थ म्हणजे हेतू, स्वार्थ-परार्थमधला, कशासाठी करायचं तो. आणि आपण म्हणतो ‘त्याच्या बोलण्यात अर्थ आहे’, म्हणजे ते मोलाचं आहे, ऐकण्यासारखं आहे. तू यातला कुठला विचारतेयस? तुझी ओळ परत वाच. ‘काय मिळवलं’ मध्ये तू हेतू विचारतेस, आणि तो नाही सापडला की लगेच मोल नाही असं म्हणून मोकळी होतेस. मला ती उडी मान्य नाही.

कारण हेतू विचारावा तो अवजाराचा. खुरपं कशासाठी, तर तण काढायला. तण काढून होत नसेल तर खुरपं बिनकामाचं. माणूस कशासाठी, हा प्रश्न विचारला की आपण नकळत माणसाला खुरप्याच्या रांगेत बसवतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये हेच बजावलं होतं की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. आपण हे दुसऱ्यांनी आपल्याला वापरू नये एवढ्यापुरतं लक्षात ठेवतो, पण तुझ्या आजीच्या आयुष्याचा हिशोब मांडतानाही ते लागू आहे. तिच्या आयुष्याने पुढे काही निपजलं तरच ते मोलाचं, असं का? तिने सकाळी उठून तुझी वेणी घातली असेल, तर त्या वेणीचं मोल ती संध्याकाळी सुटली म्हणून जातं का?

दुसरं, ‘शेवटी सगळं संपणारच’. यावर थॉमस नेगेल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली एक छोटा युक्तिवाद दिलाय, तो मला अजून कुणी मोडून दाखवलेला नाही. तो म्हणतो, आपण जे करतो त्याने दहा लाख वर्षांनी काहीच फरक पडणार नाही असं म्हणता ना? मग त्याच न्यायाने, दहा लाख वर्षांनी काय फरक पडेल किंवा पडणार नाही, याने आत्ता काही फरक पडत नाही. दहा लाख वर्षांनंतरच्या त्या शांततेला आपण आजच्या दिवसाचा न्यायाधीश का नेमलंय, हे आपण कधी विचारतच नाही. आणि समजा आयुष्य संपलंच नाही, कायम चालू राहिलं, तर ते आपोआप अर्थपूर्ण होईल का? बिनअर्थाची गोष्ट लांबवली तर ती लांबलचक बिनअर्थाची होते. म्हणजे संपण्याचा आणि अर्थाचा संबंध आपण गृहीत धरलाय, इथेही ओलं सरपण शोधायला हवं. मला वाटतं तुझ्या बाबतीत ते सरपण म्हणजे आजीची आठवण येते हे आहे. तिची उणीव भासते, ती फार खरी गोष्ट आहे, आणि ती उणीव विश्वाबद्दलच्या प्रश्नाचं रूप घेऊन येते. विश्वाबद्दलचा प्रश्न सुटला तरी ती उणीव तिथेच असेल, तिला रडायलाच हवं, बोलायलाच हवं.

बुद्धाला मालुंक्यपुत्ताने विचारलं होतं की जग शाश्वत आहे की नाही, मेल्यावर तथागत (म्हणजे बुद्धत्वाला पोचलेला माणूस) असतो की नसतो, हे सांगितलं नाहीस तर मी निघालो. बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, जो म्हणतो की बाण मारणाऱ्याची जात, उंची, गाव कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. काही जण यातून असं काढतात की बुद्धाला तत्त्वज्ञान नको होतं. मला उलट वाटतं, कुठला प्रश्न आत्ता या माणसाला लागू आहे हे ओळखणं हेच तर ते काम आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण मी एकदा इथे चुकलोय. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे यायचा, अर्थहीनतेबद्दल तासन्‌तास बोलायचा, आणि मी उत्साहाने त्याला पुस्तकं देत राहिलो. त्याला झोप नव्हती, जेवण नव्हतं, आणि माझ्या ते लक्षात यायला दोन महिने गेले. त्याला डिप्रेशन होतं, औषधांनी तो सावरला, आता बरा आहे. तेव्हापासून मी आधी विचारतो, म्हणून तुलाही विचारतो: झोप लागते का, जेवण जातं का, जे आधी आवडायचं ते अजून आवडतं का? नाही असं उत्तर असेल तर आधी डॉक्टरकडे जा, सायकायट्रिस्टकडे, आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. तो प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे आणि त्याची उत्तरं असलेली माणसं वेगळी आहेत.

ते सगळं ठीक असेल तर पुढचं. जाडजूड इतिहासाच्या पुस्तकापासून सुरू करू नकोस, त्यात नुसती नावं पाठ होतात. प्लेटोचा युथिफ्रो वाच, छोटासा संवाद आहे, एका बैठकीत होतो. सॉक्रेटिसवर खटला दाखल झालाय, तो कोर्टाच्या बाहेर उभा आहे आणि तिथे त्याला एक माणूस भेटतो जो स्वतःच्या बापावर खटला भरायला आलाय, कारण त्याला पक्कं माहितीय की हेच धर्माचं काम आहे. सॉक्रेटिस विचारतो, मग धर्माचं म्हणजे काय ते मलाही सांग. तो एक व्याख्या देतो, ती मोडते, दुसरी देतो, तीही मोडते, शेवटी तो घाईत आहे म्हणून निघून जातो आणि उत्तर मिळतच नाही. हातात पेन्सिल घेऊन वाच, प्रत्येक व्याख्या कुठल्या वाक्यात मोडली तिथे खूण कर. मग वहीच्या एका पानावर तुझा आजीबद्दलचा प्रश्न लिही, एकाच वाक्यात, ‘अर्थ’ हा शब्द न वापरता. तीन-चार वेळा खोडावं लागेल. जे वाक्य उरेल ते मला पाठव, तिथून पुढे बोलू.